पाच फ्रेमांचे अंतर

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे असेलही. परंतु घरात सिनेमाचा प्रोजेक्टर आणला म्हणजे त्याच्या तारांच्या गाठी मात्र गृहस्थाला स्वतःच्या हातांनी बांधाव्या लागतात, आणि कोणत्या तारेची पत्रिका कोणत्या भोकाशी जुळते हे सांगायला कोणी जोशीबुवा भेटत नाहीत. गेले वर्षभर या एका प्रश्नाने माझ्या घरात जे रामायण घडवले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. त्यात थोडी फजिती आहे, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. फजिती सांगायला मला संकोच नाही. चूक सांगायला थोडा आहे. म्हणून ती मागाहून सांगेन.

आमचे चिरंजीव बंगळूरला असतात. दर सणाला ते आम्हाला एखादी उपयोगी वस्तू पाठवतात आणि अडचणीत टाकतात. मागे त्यांनी आपोआप केर काढणारे एक वाटोळे यंत्र पाठवले होते. ते चार दिवस सोफ्याखाली हिंडले, पाचव्या दिवशी देवघरातल्या रांगोळीवरून गेले, आणि सहाव्या दिवसापासून ते माळ्यावर विश्रांती घेत आहे. गेल्या दसऱ्याला त्यांनी प्रोजेक्टर पाठवला.

"हॉलची समोरची भिंत रिकामीच आहे, बाबा," फोनवर ते म्हणाले. "तिथं शंभर इंची पडदा लावा. आजोबांना सिनेमा मोठा दिसेल."

या शेवटच्या वाक्यापुढे माझे काही चालले नाही.

माझे वडील, अण्णा, आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी सिनेमाच्या ऑपरेटरची नोकरी केली. अठराव्या वर्षी ते टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागले आणि जत्रांमागून जत्रा हिंडले. पुढे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी थिएटरच्या केबिनमध्ये त्यांनी सदतीस वर्षे काढली. दोन मशीनांच्या मध्ये उभे राहायचे, कार्बनच्या कांड्यांमधले अंतर सारखे करत ज्योत जळती ठेवायची, आणि वीस-बावीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की एका मशीनवरून दुसऱ्यावर खेळ न्यायचा. ज्या माणसाने हजारो लोकांना सिनेमा दाखवला, त्याने स्वतः तो भिंतीतल्या वीतभर भोकातून आणि तोही तुकड्यातुकड्यांनी पाहिला. खुर्चीवर टेकून अथपासून इतिपर्यंत सिनेमा पाहणे त्यांच्या वाट्याला क्वचितच आले.

आणि आता वेळ आहे, तर कान नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वीच त्यांच्या कानांनी असहकार पुकारला. दोन्ही कानांत यंत्रे आहेत. तरीही समोरच्याचे ओठ दिसल्याखेरीज त्यांना बोलणे पुरते उमगत नाही. छोट्या टीव्हीवर ओठ दिसत नाहीत. शंभर इंची पडद्यावर ते नक्की दिसले असते.

खोके उघडले. प्रोजेक्टरचे तोंड साधे होते. एक काचेचा डोळा, बस्स. पण मी त्याची पाठ पाहिली आणि माझी छाती दडपली. इतकी भोके मी फक्त आमच्या जुन्या वाड्याच्या चुलाण्यामागच्या भिंतीत पाहिली होती, आणि ती उंदरांनी केली होती.

एक भोक पिवळे होते. पिवळी, पांढरी आणि तांबडी ही तीन भावंडे तुमच्याही ओळखीची असतील. व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत ती घरोघर होती. पिवळीतून चित्र जाते, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज आणि तांबडीतून उजव्या बाजूचा. मात्र त्या एकट्या पिवळ्या तारेत चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकत्र कालवून पाठवलेले असतात. एकदा दहीभात कालवला की दही वेगळे आणि भात वेगळा करता येत नाही. पलीकडच्या यंत्राचीही तशीच पंचाईत होते, आणि मोठ्या पडद्यावर माणसांच्या कडा फिसकटतात.

दुसरे भोक निळे, पंधरा छिद्रांचे. याला व्हीजीए म्हणतात. १९८७ साली ते संगणकासाठी निघाले आणि पुढे कचेऱ्यांतल्या सभांमध्ये त्याने जन्म काढला. चित्र ते बरे नेते, पण जन्मतःच मुके आहे. त्याच्या आवाजाची सोय वेगळ्या तारेने करावी लागते.

त्याच्या शेजारी दोन चपटी भोके होती, एचडीएमआयची. या जोडणीचा पहिला आराखडा २००२ साली जाहीर झाला. तिच्या टोकाशी एकोणीस पिना असतात आणि चित्र व आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपाने एकाच तारेतून जातात. नवरा-बायको एकाच रिक्षातून समारंभाला जावीत, तसे. वेगवेगळ्या रिक्षांनी निघालेल्या जोडप्यांपैकी एक जण नेहमी मांडवाच्या दाराशी ताटकळतो, हा अनुभव तुम्हालाही असेल.

चौथे भोक बारीक आणि वाटोळे, हेडफोनचे. पाचवी जोडणी मात्र दिसतच नव्हती. ती ब्लूटूथची. तिला भोक नाही आणि तारही नाही. आमच्या साऱ्या गोष्टीत खरा घोळ तिनेच घातला. पण त्याला अजून अवकाश आहे.

दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने विचारले, "काका, केबल किती मीटर?"

मी हॉलची लांबी सांगितली, चौदा फूट. तो हसला. प्रोजेक्टर मागे छताला टांगायचा. सेट-टॉप बॉक्स पुढे पडद्याखाली राहणार. म्हणजे तार भिंतीवरून वर, छतावरून आडवी आणि कोपरे वळसे घेत जाणार. हिशेब बारा मीटरवर गेला. "इतक्या लांब साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा नाही, काका," तो म्हणाला. "चित्र मध्येच जाईल. फायबरची घ्या." या केबलीच्या पोटात काचेचे तंतू असतात. एका टोकाला विजेचा उजेड होतो आणि दुसऱ्या टोकाला उजेडाची पुन्हा वीज होते. मला ती कल्पना फार आवडली. मी पैसे मोजले.

वायरमन आला. त्याने दिवाणखान्याच्या भिंतीला चर खणला, पाइप बसवला, त्यात केबल घातली, वरून गिलावा केला आणि रंगाऱ्याने रंग दिला. दिवाळी पाच दिवसांवर होती. आम्ही सारे जण पडद्यासमोर बसलो. मी बटण दाबले. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. कोपऱ्यात दोन शब्द उमटले. त्यांचा अर्थ असा की, इकडे काहीही आलेले नाही.

वायरमन पुन्हा आला. त्याने छताकडचे टोक हातात घेतले, चष्मा वर केला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, ही उलटी पडली."

तार उलटी कशी पडते, असे मी विचारले. विहिरीच्या दोराला कोणते टोक वरचे आणि कोणते खालचे असते? परंतु काचेच्या तारेची रीत निराळी आहे. विजेचा उजेड करणारी कळ एकाच टोकाशी असते आणि उजेडाची वीज करणारी दुसऱ्या टोकाशी. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ते वायरमनने वाचले नव्हते, आणि मला चष्मा असूनही मी वाचले नव्हते. केबल ओढून काढावी, तर तिचे डोके पाइपाच्या वळणातून फिरेना. अखेर नवी रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली. सौ. त्या दिवशी चकल्या तळत होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता परत गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला इतके कधी सुनावले नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'तार' हा शब्द उच्चारायची बंदी झाली.

मग आवाजाचा प्रश्न आला. प्रोजेक्टरच्या पोटातला भोंगा अगदीच किरटा होता. वेगळा स्पीकर हवा होता. दुकानातल्या तरुणाला मी आधीच सांगून टाकले की, भिंतीला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "मग ब्लूटूथचा घ्या ना, काका. आवाजाला कशाला हवी वायर?" मला हे वाक्य अमृतासारखे वाटले. स्पीकर आला, कपाटावर बसला, प्रोजेक्टरशी त्याची गाठ दोन मिनिटांत पडली. ना खणणे, ना रंग. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही पहिला सिनेमा पाहिला. शेजारची मंडळीही आली होती. अण्णांना मधोमध खुर्ची दिली. चित्र सुरेख होते, आवाज घुमत होता. आपण एक मोठे कार्य तडीस नेले, या समाधानात मी शेवटचा लाडू खाल्ला.

आता ती चूक.

आठ-पंधरा दिवसांत अण्णा सिनेमातून मध्येच उठू लागले. आधी ते विचारत, "सूनबाई, काय म्हणाला गं तो?" सौ. त्यांच्याकडे वळून सांगे. मग ते विचारीनासे झाले. मग खुर्ची सोडून मागच्या खोलीत जाऊन पडू लागले. एके रात्री मी त्यांच्यामागे गेलो, तर म्हणाले, "तुम्ही बघा रे. मला हल्ली कळत नाही. माणसं बोलतात एक आणि दिसतं एक."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. मी त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, यंत्रे उत्तम आहेत आणि श्रवणही मागच्या वर्षीइतकेच आहे. दुसऱ्या कोणाला याचा आनंद झाला असता. मी मात्र मनात सरळ वजाबाकी केली. कान ठीक आहेत. म्हणजे मग डोके. त्या रात्री मी बहिणीला फोन केला आणि आवाज खाली आणून सांगितले, "अण्णांचं जरा... वय झालं गं आता." आवाज खाली आणण्याची गरज नव्हती. त्यांना ऐकू येत नाही, हे मला माहीत होते. पण माझ्या पाठीमागे दारात ते उभे होते आणि खिडकीच्या काचेत माझे ओठ त्यांना दिसत होते, हे मला माहीत नव्हते. ते त्यांनी पुढे सहा महिन्यांनी सांगितले.

तेवढ्या काळात मी काय केले? त्यांच्याशी सावकाश बोलू लागलो, लहान मुलाशी बोलावे तसा. बँकेची कागदपत्रे त्यांच्यासमोरून उचलली. औषधांच्या गोळ्या मी मोजून देऊ लागलो. हे सारे प्रेमाने केले, आणि प्रेमाने केलेल्या गोष्टींना विरोध करणे म्हाताऱ्या माणसाला फार कठीण जाते. अण्णा गप्प राहिले. मला वाटले, झाले ते असेच असते.

मे महिन्यात मुलीचा मुलगा सुट्टीला आला. वय तेरा. त्याला सगळ्या यंत्रांची भाषा येते आणि मराठी थोडी कमी येते. आजोबांनी म्हणजे त्याच्या पणजोबांनी थिएटरात काय काय दाखवले, याची चौकशी करताना 'सांगत्ये ऐका'चे नाव निघाले. अनंत माने यांचा १९५९ सालचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला होता. आमच्या गावात तो आला, तेव्हा अण्णांनी तो पाच आठवडे रोज तीन खेळ असा चालवला होता. आमच्याकडे त्याची जुनी डीव्हीडी होती, ती चिरंजीवांनी कधी तरी संगणकात उतरवून ठेवली होती. नातवाने संगणक प्रोजेक्टरला जोडला आणि अण्णांना हात धरून खुर्चीवर आणून बसवले.

पाच मिनिटे झाली असतील. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या माणसाबरोबर ते संवाद म्हणत होते! साठ वर्षांपूर्वी शंभराहून अधिक वेळा ऐकलेला संवाद त्यांच्या जिभेवर जसाच्या तसा होता. मग ते थांबले. पुन्हा एकदा म्हणून पाहिले. आणि एकाएकी हात वर करून केबिनमधल्या पोऱ्याला हाक मारावी तशा आवाजात ओरडले,

"थांबव! लूप मोठी पडलीय!"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. तो क्षण अखेर आला, असे आम्हा दोघांनाही वाटले.

"अण्णा," मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "आता फिल्म नसते. लूप कुठून येणार?"

"फिल्म नसेल," अण्णा चिडून म्हणाले. "पण आवाज मागं आहे. पाच फ्रेमा तरी मागं आहे. आणि तू माझ्याशी असा अक्षरं मोजत बोलू नकोस."

ही लूप काय असते, ते सांगायला हवे. आपल्याकडे चित्र आणि आवाज यांचा संसार तसा उशिरानेच सुरू झाला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला आणि बोलणारा 'आलम आरा' १९३१ साली. मराठी पडदा १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने बोलू लागला. मधली अठरा वर्षे चित्र एकटेच होते. पुढे आवाजाची पट्टी फिल्मवर चित्राच्या शेजारीच छापू लागले. पण मशीनमध्ये चित्राचा दरवाजा वर असतो आणि आवाज वाचणारा दिवा खाली. दरवाजापाशी फिल्मला सेकंदाला चोवीस वेळा क्षणभर थांबावे लागते, तेव्हाच चित्र स्थिर दिसते. दिव्यापाशी तिला मुळीच थांबून चालत नाही, नाही तर आवाज चिरकतो. म्हणून दोहोंच्या मध्ये फिल्मला थोडा ढिला फास ठेवतात. तीच लूप. ज्या चित्राचा आवाज, तो त्या चित्राशेजारी न छापता सुमारे वीस फ्रेमा, म्हणजे सव्वा फूट पुढे छापलेला असतो. लूप बेताची ठेवली की दोघे बरोबर एका क्षणी पोहोचतात. लूप मोठी पडली की आवाज मागे राहतो, लहान पडली की पुढे पळतो. फिल्म भरताना हे सव्वा फुटाचे अंतर बोटांनी जमवणे ही ऑपरेटरची खरी विद्या. अण्णांनी ती सदतीस वर्षे अंधारात केली.

नातू मात्र आमच्यासारखा शहाणा नव्हता. त्याला आजोबांचे म्हणणे ऐकून ते तपासून पाहावेसे वाटले. संगणकावर सिनेमा दाखवणाऱ्या सोयीत आवाज पुढे-मागे सरकवायची एक कळ असते. एकदा दाबली की पन्नास मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग सरकतो. त्याने कळ दाबली. अण्णा पडद्यावरच्या ओठांकडे पाहत होते.

"आणखी," ते म्हणाले. त्याने पुन्हा दाबली. "आणखी." पुन्हा. "आणखी थोडं."

चौथ्या वेळी अण्णांनी तळहात वर केला. "बस्स. हात लावू नकोस आता."

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: २००. नातवाने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. दोनशे मिलिसेकंद, गुणिले चोवीस. चार पूर्णांक आठ दशांश.

"आजोबा," तो म्हणाला, "तुम्ही पाच म्हणालात ना?"

अण्णा हसले नाहीत. थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे तर."

वाचकहो, त्या वेळी मला जी लाज वाटली, तिचे वर्णन मी करणार नाही. मी उठून त्यांच्या बँकेची कागदपत्रे आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही.

दोष त्या बिनतारी गाठीचा होता. ब्लूटूथवरून आवाज जाताना प्रोजेक्टर त्याच्या पुड्या बांधतो, त्या आवळतो, हवेतून धाडतो. पलीकडे स्पीकर काही पुड्या जमेपर्यंत थांबतो, त्या सोडतो आणि मग बोलतो. एवढ्या व्यवहारात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. गाणी ऐकताना याने काही बिघडत नाही. पडद्यावरचे ओठ मात्र पुढे निघून जातात.

मग हे आम्हा बाकीच्यांना का कळले नाही? याचे उत्तर मी नंतर शोधून काढले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या एका शिफारशीत असे म्हटले आहे की, आवाज चित्राच्या पुढे गेला, तर पंचेचाळीस मिलिसेकंदांच्या आसपास माणसाला ते जाणवते. पण मागे राहिला, तर सव्वाशेपर्यंत जाणवत नाही. मला वाटते, निसर्गाने आपल्याला तशी सवयच लावली आहे. वीज आधी चमकते, गडगडाट मागाहून येतो. नदीच्या पलीकडे कोणी धुणे आपटत असले, तर हात आधी खाली येतो आणि आवाज मग. आमच्या घरचा दोनशेचा फरक याही मर्यादेपलीकडचा होता. काही तरी चुकते आहे असे आम्हालाही वाटे, पण आम्ही कानांनी ऐकत होतो, म्हणून चालून जाई. अण्णा डोळ्यांनी ऐकत होते. त्यांच्या यंत्रातून येणारा शब्द आणि पडद्यावरचे ओठ एकमेकांचे साक्षीदार होते, आणि दोघे दर वेळी वेगवेगळी साक्ष देत होते.

संगणकातली कळ संगणकातल्या सिनेमापुरतीच. आमच्या टीव्हीच्या डब्याला तशी सोय नव्हती. तेव्हा जोडण्यांची निवड पुन्हा पहिल्यापासून करायचे ठरले. या वेळी अध्यक्षस्थानी अण्णा होते. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी नातवाकडून सगळी यंत्रे काढून घेतली आणि पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली.

मार्ग दोन होते. एक असा की, डब्यातून चित्र आणि आवाज दोन्ही एचडीएमआयने प्रोजेक्टरकडे न्यायचे आणि मग तिथून आवाज परत पुढच्या स्पीकरांकडे आणायचा. त्याच केबलीतून आवाज माघारी पाठवायची युक्ती २००९ पासून निघाली आहे; पण ती दोन्ही बाजूंच्या यंत्रांना यावी लागते, आणि आमच्या प्रोजेक्टरला ती येत नव्हती. दुसरा मार्ग असा की, पडद्याखाली एक अँप्लिफायर ठेवायचा, ज्याला दुकानात रिसीव्हर म्हणतात. डबा, संगणक, जे काही असेल ते आधी त्याला जोडायचे. तो आवाज स्वतःजवळ ठेवून घेतो आणि चित्र त्या बारा मीटरच्या केबलीतून वर पाठवून देतो.

"हेच बरोबर," अण्णा म्हणाले. "आवाज लांब हिंडवायचाच कशाला? पडद्यापाशी लागतो, पडद्यापाशीच ठेवा."

स्पीकर त्यांनी तीनच मागितले. दोन बाजूंना, एक मध्ये पडद्याखाली. हल्लीच्या चित्रपटांत बहुतेक बोलणे त्या मधल्या स्पीकरकडे दिलेले असते आणि संगीत व गलका मुख्यतः बाजूंना. मधल्याचा आवाज तेवढा चार घरे वाढवला की शब्द मोकळे होतात. कानात यंत्र असलेल्या माणसाला हे फार लागते. कारण यंत्र शब्द मोठा करते तसा त्यामागचा ढोलही मोठा करते.

पण तीन स्पीकर म्हणजे तीन तारा. मी भीतभीत सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "भिंत फोडायची नाही. वरून पट्टी मारा. दिसली तर दिसू दे. मी तिच्यावर तोरण लावीन." वायरमनने केसिंगची पांढरी पट्टी मारली आणि दर वेळी टोकावरचे अक्षर मोठ्याने वाचून दाखवले.

सगळे जोडून झाले. सिनेमा लावला. अण्णांनी दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "आता पुढं पळतोय." खरेच होते. आवाज आता सरळ तारेने, विनाविलंब येत होता. चित्राला मात्र प्रोजेक्टर पडद्यावर टाकण्याआधी नटवत-सजवत बसतो, त्यात त्याचे काही क्षण जातात. रिसीव्हरमध्ये यावर उपाय असतो. मागे राहिलेल्या आवाजाला तो पुढे ओढू शकत नाही, पण पुढे आलेल्याला दाराशी थांबवून ठेवू शकतो. नातवाने अण्णांच्या हातात रिमोट दिला. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावरच्या ओठांवर नजर रोखली आणि अंगठ्याने एकेक घर पुढे जात साठावर थांबले. शहाऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी तीस वर्षांनंतर लूप बसवली होती.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढेच. दुकानात मी चित्र किती स्वच्छ दिसेल, केबल किती वेगाची, भिंत फुटेल की नाही, असे सारे विचारले होते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो माणूस ऐकतो कसा, हे मात्र विचारले नव्हते. ते विचारले असते, तर निवड पाच मिनिटांत झाली असती. आणि तारेतला दोष मी सहा महिने माझ्या बापाच्या माथी मारला नसता.

यंदाची दिवाळी आली आहे. पट्टीवर झेंडूचे तोरण आहे. अण्णांनी मधली मानाची खुर्ची नाकारली. त्यांना प्रोजेक्टरच्या खाली, मागच्या भिंतीला टेकून बसायला आवडते. "मी केबिनमध्येच बरा," असे म्हणतात. आता ते कोणालाही "काय म्हणाला?" असे विचारत नाहीत. उलट तक्रार सौ.ची आहे. जुना सिनेमा लावला की पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत अण्णा मागून त्याचा संवाद खणखणीत म्हणून टाकतात. आमच्या घरात आवाज आता पाच फ्रेमा पुढे असतो, आणि त्यावर कसलाही उपाय करायचा नाही असे आम्ही सर्वानुमते ठरवले आहे.